वजन घटले म्हणून वेग वाढला?
जुन्या आलिशान मोटारींविषयीच्या एका वाक्याची तपासणी

जुन्या मोटारींची मिरवणूक शहरातून निघाली की त्यानंतर आठवडाभर वर्तमानपत्रांत त्या मोटारींवर लेख येत राहतात. कोणत्या संस्थानिकाकडे किती गाड्या होत्या, आसनांना कोणते कातडे लावले होते, दिवे पितळेचे होते की चांदीचे, याची वर्णने त्यांत भरपूर असतात. यंत्राविषयी मात्र बहुधा एकच वाक्य असते : ‘पुढे गाडीचे वजन कमी करण्यात आले आणि तिचा वेग वाढला.’ हे वाक्य मग विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत उतरते. खरे सांगायचे तर आम्ही स्वतःही ते वर्गात अनेकदा उच्चारले आहे.

या लेखात त्या एका वाक्याचे परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे. खोटे विधान एखाद्या प्रयोगाने पडते; अर्धवट विधान मात्र बरोबर असल्यासारखे वाटत राहते आणि म्हणून जास्त काळ टिकते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात मडगार्ड, आरसे आणि साखळीवरचे झाकण काढून टाकलेल्या मोटारसायकली उभ्या दिसतात. विचारले तर उत्तर मिळते, ‘गाडी हलकी केली, आता चांगली पळते.’ हाच तर्क शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील नामांकित कारखान्यांनी केला होता आणि त्याची किंमत काही जणांना जिवानिशी मोजावी लागली. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी नीट समजून घ्यावा असे आम्हांला वाटते.

एक शब्द, तीन अर्थ

‘वेग वाढला’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो. पहिली, उभी गाडी किती लवकर वेग घेते. दुसरी, ती चढ किती सहज चढते. तिसरी, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ती जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकते.

पहिल्या दोन बाबतींत वस्तुमानाचा हिशेब सरळ आहे. तेवढेच बल लावले आणि वस्तुमान कमी केले, तर त्वरण त्या प्रमाणात वाढते. चढावर गाडीला मागे खेचणारे बल हा तिच्या वजनाचाच एक घटक असतो. वजन दहा टक्क्यांनी कमी केले की तेही दहा टक्क्यांनी कमी होते. तिसऱ्या बाबतीत चित्र बदलते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे त्वरण शून्य असते. इंजिनाची सारी शक्ती दोन रोधांशी झगडण्यात खर्च होते : चाकांच्या लोळण्याचा रोध आणि हवेचा रोध. पहिला रोध वजनाच्या प्रमाणात असतो व वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसऱ्याचा वजनाशी काहीही संबंध नाही. तो गाडीचा आकार आणि समोरचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आपले पाठ्यपुस्तकातील बहुतेक प्रश्न ‘घर्षण व हवेचा रोध दुर्लक्षणीय मानावा’ या अटीने सुरू होतात. ही अट सोयीची आहे, पण तिसरा अर्थ तिच्यामुळे वर्गात कधी येतच नाही. तो वर्गात आणायला जुन्या मोटारींइतके चांगले साधन दुसरे नाही.

वजन विचाराने कमी झाले, ते असे

आरंभीच्या काळात वजन कमी करण्याचे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे डाइमलर कारखान्याची १९०१ सालची मर्सिडीज. तिच्या जन्मामागे एक अपघात आहे. मार्च १९०० मध्ये फ्रान्समधील नीस येथे ला तुर्बी टेकडी चढण्याच्या शर्यतीत याच कारखान्याची फिनिक्स ही उंच, आखूड आणि जड नाकाची गाडी वळणावर आदळली व तिचा चालक विल्हेल्म बाउअर मृत्युमुखी पडला. नीसमध्ये राहून या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक या धनिक व्यापाऱ्याने त्यानंतर कारखान्याकडे अधिक लांब, अधिक ठेंगणी, अधिक हलकी आणि तरीही अधिक शक्तीची गाडी मागितली. विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने ती तयार केली. तिला येलिनेकच्या मुलीचे नाव मिळाले, हे सर्वश्रुत आहे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मायबाखने वजन कुठे आणि कसे कमी केले. इंजिनाचा खालचा मोठा कोश त्याने अॅल्युमिनियमचा केला. ३५ अश्वशक्तीच्या या इंजिनाचे वजन सुमारे २३० किलो होते. म्हणजे एका अश्वशक्तीमागे साधारण साडेसहा किलो. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी तो मोठाच पल्ला होता.

त्याहून बोधप्रद आहे ते रेडिएटर. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी लागते आणि पाणी जड असते. मायबाखने सहा मिलिमीटर बाजूच्या ८०७० बारीक चौकोनी नळ्या मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे एकत्र जोडल्या. हवेचा स्पर्श होणारे पृष्ठफळ त्यामुळे एवढे वाढले की पूर्वीच्या निम्मे, म्हणजे नऊ लिटर पाणी पुरू लागले. नऊ किलो वजन गेले, पण कोणताही भाग पातळ झाला नाही की दुबळा झाला नाही. जे काम पाण्याचे प्रमाण करीत होते ते पृष्ठफळ करू लागले. पृष्ठफळ आणि घनफळ यांचे नाते शिकवताना हत्तीचे कान आणि उंदराची भूक यांच्या जोडीला हे रेडिएटर सांगायला हरकत नाही.

शिवाय मर्सिडीज केवळ हलकी नव्हती. तिचा गुरुत्वमध्य खाली आणला होता आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर वाढवले होते. बाउअरचा जीव घेणारा दोष जड वजनाइतकाच उंच गुरुत्वमध्याचाही होता, हे मायबाखला कळले होते. ‘वजन कमी केले’ या तीन शब्दांत हे काहीच येत नाही.

वजन नियमाने कमी झाले, ते असे

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. गाड्या फार जड व धोकादायक होत चालल्या आहेत असे वाटून फ्रान्समध्ये मोठ्या शर्यतींसाठी १९०२ पासून गाडीच्या वजनाला १००० किलोची मर्यादा घालण्यात आली. हेतू चांगला होता. पण इंजिनाच्या आकाराला मर्यादा नव्हती. मग कारखानदारांनी जे केले ते कोणताही हुशार विद्यार्थी आधीच सांगू शकेल. इंजिने तेरा-तेरा लिटरची केली आणि त्यांना जागा करून देण्यासाठी उरलेल्या गाडीतून वजन काढले. सांगाडा बारीक केला, त्याला ठिकठिकाणी भोके पाडली, आसने नावापुरती ठेवली. हे कारखाने श्रीमंतांसाठी महागड्या गाड्या बांधणारेच होते. शर्यत हीच त्यांची जाहिरात होती.

भोके पाडण्यात मुळात शास्त्र आहे. तुळई वाकते तेव्हा तिच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वांत जास्त ताण येतो. मधल्या पट्ट्यावर तो जवळजवळ शून्य असतो. म्हणून मधोमध भोके पाडली तर वजन जाते आणि ताकद फारशी जात नाही. कडेजवळ पाडली तर मात्र वजन थोडे जाते आणि ताकद पुष्कळ जाते. शिवाय भोकाच्या काठाशी ताण एकवटतो आणि खडबडीत रस्त्यावरच्या सततच्या हादऱ्यांनी तेथून तडा सुरू होतो. छिद्र कुठे आहे हे छिद्रांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे. वर्गात लाकडी फूटपट्टी आधी आडवी आणि मग उभी धरून वाकवून दाखवली तर वरच्या-खालच्या कडांचे महत्त्व पाचवीच्या मुलालाही पटते.

१९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीचा निकाल या बाबतीत मोठा बोलका आहे. आल्प्समधील आर्लबर्ग घाट ओलांडून जाणाऱ्या त्या शर्यतीत पहिला आला तो मार्सेल रेनो, आणि तोही पावणेचार लिटर इंजिनाच्या, हलक्या गटातील गाडीत. सुमारे पावणेचौदा लिटरचे पानार घेऊन आलेला आंरी फार्मान त्याच्या मागे राहिला. घाटात, वळणांत आणि पुनःपुन्हा वेग घेण्यात गाडीचे एकूण वजन आणि ताळमेळ महत्त्वाचे ठरतात, केवळ इंजिनाचा आकार नव्हे, हे त्यातून शिकता आले असते.

पण पुढच्याच वर्षी, मे १९०३ मध्ये, पॅरिस-माद्रिद शर्यतीत तेच प्रचंड इंजिनांचे आणि कमकुवत सांगाड्यांचे अस्त्र सरळ रस्त्यांवर सोडण्यात आले. पहिल्याच दिवशी चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक यांपैकी अनेक जण मरण पावले. मार्सेल रेनोही त्यात गेला. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दो येथेच थांबवली. सगळा दोष हलक्या सांगाड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. रस्त्यांवर धूळ होती, प्रेक्षक रस्त्यातच उभे होते, बंदोबस्त अपुरा होता. तरीही ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या भागात होते, हे विसरून चालणार नाही. गाडीचे वजन आटोक्यात आले होते, वेग आटोक्यात आला नव्हता.

त्या दिवशी बोर्दोला सर्वांत कमी वेळात पोहोचली ती गाब्रिएलची मोर्स गाडी. तिचा सरासरी वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर होता. तिचे अंग होडी उलटी ठेवल्यासारखे निमुळते होते. वजनाच्या गदारोळात कोणाच्या तरी डोक्यात हवेचा विचार आलेला होता.

रोल्स-रॉइसने नकळत केलेला प्रयोग

हवेच्या रोधाचा आम्हांला ठाऊक असलेला सर्वांत सुरेख प्रयोग रोल्स-रॉइसच्या नावावर आहे, जरी तो प्रयोग म्हणून केलेला नव्हता. १९११ साली नेपियर या प्रतिस्पर्ध्याने लंडन ते एडिंबरो आणि परत असा प्रवास केवळ वरच्या गिअरमध्ये करून दाखवला होता. त्याला उत्तर म्हणून रोल्स-रॉइसने आपल्या सुमारे साडेसात लिटर इंजिनाच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची एक गाडी साधे, हलके, उघडे अंग बसवून त्याच वाटेने धाडली. चालक होता अर्नेस्ट हाइव्ह्ज. नेपियरने गॅलनला १९.३५ मैल दिले होते, या गाडीने २४.३२ मैल दिले. आपल्या मापात हे लिटरमागे अनुक्रमे ६.८ आणि ८.६ किलोमीटर होतात. नंतर ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर गाडीने ताशी ७८.२६ मैल, म्हणजे १२६ किलोमीटर वेग गाठला. पुढे त्याच सांगाड्यावर एक अतिशय अरुंद, हवा कापणारे अंग बसवले, तेव्हा वेग १०१.८ मैल, म्हणजे १६४ किलोमीटर झाला.

आता फळ्यावर हिशेब करू. गाडीचे वस्तुमान १७०० किलो धरू. लोळण्याचा रोध वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे २५५ न्यूटन. उघड्या गाडीचा हवेचा रोध ०.९ गुणिले वेगाचा वर्ग असा धरू (वेग मीटर प्रतिसेकंदात). हे आकडे आम्ही अंदाजाने घेतले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. ताशी १२६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. या वेगाला हवेचा रोध सुमारे ११०० न्यूटन होतो. एकूण रोध साधारण १३५५ न्यूटन आणि त्यासाठी लागणारी शक्ती ६४ अश्वशक्तीच्या आसपास. त्यातील चार-पंचमांश हवेपायी जाते.

समजा आपण गाडीचे वजन वीस टक्क्यांनी, म्हणजे ३४० किलोंनी कमी केले. पाच माणसांचे वजन झाले हे. कमाल वेग किती वाढेल? गणित करून पाहा. सेकंदाला ३५ चे ३५.५ मीटर होतात. ताशी जेमतेम दोन किलोमीटर! उलट, वजन तसेच ठेवून आणि इंजिनाची शक्ती तेवढीच धरून १६४ किलोमीटर वेग हवा असेल, तर हवेच्या रोधाचा गुणांक ०.९ वरून ०.३८ वर, म्हणजे निम्म्याहून खाली आणावा लागेल. अरुंद अंगाने साधारण हेच केले.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. आपल्या कल्पित गाडीत दोन्ही रोध सारखे होतात तो वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर आहे. त्याच्या खाली वजनाचे राज्य, त्याच्या वर हवेचे. ‘वजन घटले म्हणून वेग वाढला’ हे वाक्य कोणत्या वेगाबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय खरे-खोटे ठरवताच येत नाही.

इथे एक टीकाही नोंदवली पाहिजे. वेग १२६ वरून १६४ वर गेला म्हणजे गतिज ऊर्जा १.७ पट झाली. ती जिरवण्याचे काम मात्र तेव्हाही मागच्या बाजूच्या ब्रेकांवरच होते. या गाड्यांना पुढच्या चाकांचे ब्रेक मिळायला १९२४ साल उजाडावे लागले. फ्रान्समध्ये मार्क बिर्किग्ट याने आपल्या इस्पानो-सुइझा गाडीला चारही चाकांचे, गाडीच्याच गतीची मदत घेणारे ब्रेक १९१९ मध्येच दिले होते. पुढे रोल्स-रॉइसला त्याच ब्रेकांचे हक्क विकत घ्यावे लागले. जगातील सर्वोत्तम म्हणवून घेणाऱ्या गाडीची ही उणीव कौतुकपर लेखांत सहसा सापडत नाही.

घाटातला धडा

वरच्या गिअरमध्येच सारा प्रवास, हे त्या काळी ऐषारामाचे लक्षण होते. गिअर बदलणे कष्टाचे आणि आवाजाचे काम. ते करावे लागू नये म्हणून रोल्स-रॉइसने आधी दिलेली चार गिअरची पेटी काढून १९०९ च्या सुमारास तीन गिअरची बसवली होती. थोडी हलकी, थोडी सोपी.

१९१२ साली ऑस्ट्रियातील आल्पाइन स्पर्धेत जेम्स रॅडली या हौशी चालकाची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्गच्या चढावर अडली. माणसे खाली उतरवल्यावर ती वर गेली. वजन कमी केल्याने गाडी चढली, हे खरेच. पण उपाय म्हणून ते किती तोकडे आहे हे पाहा. दोन हजार किलोची गाडी एकास पाच चढावर असेल तर तिला मागे खेचणारे बल सुमारे ४००० न्यूटन, रस्त्याचा रोध धरून ४३००. दोन माणसे उतरली तर त्यातून तीनशे-सव्वातीनशे न्यूटन कमी होतात, म्हणजे साडेसात टक्के. त्याऐवजी चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या १२ ऐवजी १६ फेऱ्या होतील असा खालचा गिअर दिला, तर चाकावरील बल ३३ टक्क्यांनी वाढते. कंपनीने हेच केले. १९१३ मध्ये चार गिअरची पेटी आणि सुधारलेले इंजिन घेऊन तिचा संघ पुन्हा आल्प्समध्ये गेला आणि सपासप घाट चढला. गिअरपेटीत काही किलो वाढले होते. वजन वाढले आणि गाडी अधिक चांगली चढली!

घाटाचा हिशेब आपल्याला परका नाही. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशा मोटारींच्या चाचणीत रोल्स-रॉइसची गाडी उतरली होती. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. खंडाळ्याचा, कात्रजचा किंवा खंबाटकीचा चढ ज्याने भरलेल्या एसटीतून अनुभवला आहे, त्याला खालच्या गिअरचे मोल वेगळे सांगायला नको.

शंभर ग्रॅमची किंमत

सर्व किलो सारखे नसतात, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. १९१३ साली वॉल्टर ओवेन बेंटली हा इंग्रज तरुण आपल्या भावाबरोबर डी. एफ. पी. या फ्रेंच गाड्या विकत होता. त्या कारखान्याच्या कचेरीत कागद दाबायला ठेवलेला अॅल्युमिनियमचा एक लहानसा पिस्टन त्याच्या नजरेस पडला. तेव्हा पिस्टन बिडाचे असत. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि तापल्यावर बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते, म्हणून ते इंजिनात टिकणार नाही असा समज होता. बेंटलीने ८८ टक्के अॅल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन करवून घेतले. ते टिकले, कारण हा धातू उष्णता झटपट वाहून नेतो. ही माहिती पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना उपयोगी पडली. रोल्स-रॉइसच्या ‘ईगल’ इंजिनातही असे पिस्टन आले.

एका पिस्टनमागे काहीशे ग्रॅम वाचले तर एवढे काय मोठे? पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. त्याचा प्रवास १२० मिलिमीटर आणि इंजिनाची गती मिनिटाला ३००० फेरे धरा. टोकाला त्याचे त्वरण ω²r या सूत्राने सुमारे ५९०० मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सहाशे पट. तेव्हा पिस्टनचे शंभर ग्रॅम कमी करणे म्हणजे जोडदांड्यावरून दर फेरीला साठ किलोचा एक माणूस उतरवणे! जोडदांडा हलका करता येतो, धारवे कमी झिजतात, इंजिन अधिक वेगाने फिरवता येते आणि तेवढ्याच आकारातून अधिक शक्ती मिळते. आसनाखालचे शंभर ग्रॅम कमी केले तर यातले काहीच घडत नाही.

ऐषारामाचे चक्र

इथवर आम्ही अभियंत्यांची बाजू मांडली. पण आलिशान गाडीचे वजन अभियंता एकटा ठरवीत नसे. कारखाना फक्त इंजिन, चाके आणि सांगाडा विकी. वरचे अंग ग्राहक आपल्या पसंतीच्या, बहुधा पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराकडून करवून घेई. शिसवी फळ्या, जाड काचा, पडदे, कपाटे, बिछाने! अभियंत्याने पिस्टनमधून वाचवलेले किलो ग्राहक दिवाणखान्याच्या रूपाने शतपटीने परत करी.

बेंटलीचेच पाहा. १९२१ मध्ये त्याने तीन लिटरची चपळ गाडी बाजारात आणली. ग्राहकांनी तिच्यावर जड बंदिस्त अंगे चढवली आणि गाडी मंद झाल्याची तक्रार केली. म्हणून १९२६ मध्ये साडेसहा लिटरची गाडी आली. मोठ्या इंजिनाला जड सांगाडा, जड सांगाड्याला मोठे ब्रेक, त्या सगळ्यांना आणखी मोठे इंजिन. १९३० मध्ये आठ लिटर, दोनशेहून अधिक अश्वशक्ती! मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचा कोश वापरूनही बंदिस्त अंगासह गाडी अडीच टनांच्या घरात गेली. ती ताशी शंभर मैल गाठत असे. जवळजवळ तेवढाच वेग १९११ मध्ये एका अरुंद अंगाच्या सिल्व्हर घोस्टने कितीतरी कमी शक्तीत गाठला होता. जगभरच्या मंदीत आठ लिटरची गाडी फारशी खपली नाही आणि १९३१ मध्ये बेंटलीची कंपनी रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली.

हे चक्र तोडायचे प्रयत्नही झाले. शार्ल वेमानने विमानबांधणीतून उचललेली एक युक्ती वापरली. लाकडी चौकटीचे तुकडे एकमेकांना न टेकवता मधे धातूच्या पट्ट्या घालून जोडायचे आणि वर पत्र्याऐवजी कापड ताणायचे. अंग हलके झाले आणि लाकूड लाकडावर न घासल्याने कुरकुरही थांबली. १९२४ मध्ये आंद्रे दुबोने या फ्रेंच धनिकाने आपल्या आठ लिटरच्या इस्पानो-सुइझावर न्यूपोर या विमानकंपनीकडून लाकडी पट्ट्यांचे, हजारो रिव्हेट मारलेले अंग करवून घेतले. त्याचे वजन सत्तर-पंचाहत्तर किलो, म्हणजे एका माणसाएवढे होते. ती गाडी त्याने सिसिलीतील डोंगराळ तार्गा फ्लोरिओ शर्यतीत चालवली आणि सहावा क्रमांक मिळवला. पण अशा गाड्या अपवादच राहिल्या. पत्र्याची झळाळी कापडाला नव्हती, आणि आलिशान गाडीचा ग्राहक झळाळीचे पैसे देत होता.

जड गाड्यांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. जाड पोलाद आणि भरपूर मोठे भाग यांमुळेच यांतील काही गाड्या शतकानंतरही स्वतःच्या चाकांवर मिरवणुकीत येतात. वजन ही नेहमीच चूक नसते. कधी कधी ते भविष्यासाठी ठेवलेली शिल्लक असते.

वर्गात काय करावे

एक खेळण्यातली गाडी टेबलावर ठेवा, दोरी टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि तिला दोन-चार नट बांधा. गाडीत नाणी भरून आणि काढून एक मीटर अंतराला लागणारा वेळ मोजा. मग गाडीवर पुठ्ठ्याचा उभा पडदा लावून पुन्हा मोजा. नाण्यांनी वेळ चांगलाच बदलेल, पुठ्ठ्याने फारसा नाही. मुले म्हणतील, हवेचा रोध नसतोच. मग त्यांना मोकळ्या, रहदारी नसलेल्या लांब उतारावर सायकल पायडल न मारता सोडायला सांगा, एकदा ताठ बसून आणि एकदा पुढे वाकून. वजन तेच, पण फरक स्वतःच्या अंगाला जाणवेल. दोन्ही प्रयोगांची उत्तरे वेगळी का आली, हा खरा धडा.

मोटारसायकलीचे मडगार्ड काढणाऱ्या मुलालाही हेच गणित घालावे. स्वारासह दोनशे किलोच्या गाडीतून चार किलो गेले तर त्वरण दोन टक्क्यांनी वाढते; घड्याळाशिवाय ते कळणारही नाही. आरसा गेल्याने मागून येणारा ट्रक मात्र दिसेनासा होतो. उपदेशापेक्षा हा आकडा त्याच्या जास्त लक्षात राहील, असा आमचा अनुभव आहे.

आता मूळ वाक्य दुरुस्त करता येईल. ‘वजन कमी केले आणि वेग वाढला’ याऐवजी विद्यार्थ्याने लिहावे : कुठले वजन, किती, कशाच्या बदल्यात कमी केले, आणि त्यामुळे त्वरण, चढण आणि कमाल वेग यांपैकी काय सुधारले. वाक्य लांब होईल. प्रकल्पवहीत जागा पुरली नाही, तर चांदीच्या दिव्यांचे वर्णन थोडे कमी करावे.